पितरांच्या पानावर

राधाकाकू आल्या तेव्हा आप्पा ओटीच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते.

पांढरे कॅनव्हासचे बूट. ते मी चिपळूणहून आणले होते आणि त्यावरून गावात भरपूर करमणूक झाली होती. धोतर, उपरणं, शेंडी आणि खाली बूट! "भटजी, पलटणीत भरती झालात काय हो?" असं लोक विचारीत. आप्पा शांतपणे म्हणत, "घरात सुभेदार आहे ना, तिचा हुकूम." सुभेदार म्हणजे मी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे दम द्यायची सवय होतीच.

थट्टा करणाऱ्यांचं काय जातं! चैत्रात आप्पांच्या डाव्या अंगठ्याला ठेच लागली ती बरीच होईना. डॉक्टर खानविलकरांनी रक्त तपासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "साखर उतरली तर अंगठा राहील. नाही उतरली तर आज अंगठा, उद्या पाय." गोड बंद, अनवाणी फिरणं बंद, रोज सकाळी खाडीपर्यंत चालायचं. दुसऱ्या कुणाला हे जमलं असतं. पण आमच्या आप्पांचा, त्र्यंबकभट जोगळेकरांचा, धंदाच मुळी अनवाणी चालण्याचा आणि गोड जेवण्याचा.

श्राद्धाला पानं मांडतात त्यांत एक देवांचं असतं, एक पितरांचं. पितरांच्या पानावर जो ब्राह्मण बसतो तो तेवढ्या वेळापुरता त्या घरचा गेलेला माणूस. त्या माणसाला जे आवडायचं ते वाढायचं, आग्रहानं वाढायचं, आणि बसलेल्यानं मुकाट्यानं जेवायचं. बोलायचं नाही, नावं ठेवायची नाहीत. शेवटी घरचा मुलगा विचारतो, "तृप्ताः स्थ?" आणि त्यानं म्हणायचं, "तृप्ताः स्मः." झालो तृप्त. पंचक्रोशीत या पानाला आप्पांचीच मागणी होती. ते जेवायला बसले की घरच्या बायका पदराआड डोळे पुसत. "अगदी आमचेच जेवताहेत असं वाटलं हो," असं मी कितीदा तरी ऐकलं आहे. वर्षानुवर्षं ते लोकांचे बाप, आजे, काके होऊन खीर-लाडू जेवले, आणि साखर मात्र त्यांच्या स्वतःच्या रक्तात उतरली.

मी कंबर कसली. नाचणीची भाकरी, मुगाचं वरण, मेथी, शेवग्याचा पाला, वर ताक. चहा बिनसाखरेचा. मला वाटलं होतं, थोर भांडण होईल. पण आप्पा गरीब गाईसारखे ऐकायला लागले. माझा वचक, दुसरं काय, असं मी धरून चालले. श्रावण येईतो धोतराची गाठ दोन बोटं आत गेली, चेहरा उजळला, जिना चढताना लागणारी धाप गेली. जखम मसुराएवढी उरली. देवळातल्या म्हाताऱ्यांना आप्पाच आता शिकवायला लागले, "अरे, जेवलात की लगेच आडवे काय होता? चार पावलं चाला. पोट आपलं आहे, यजमानाचं नव्हे." पितृपक्षाची सगळी आमंत्रणं त्यांनी दामल्यांच्या सदूभटाला देऊन टाकली होती. तो तरुण होता, काटकुळा होता, त्याला पचलं असतं.

एकच किरकोळ गोष्ट मनाला लागून होती. नाचणीचं पीठ ठेवायला मला आईचा घट्ट झाकणाचा पितळी डबा हवा होता आणि तो सापडत नव्हता. त्यावर आप्पांचं नाव घातलेलं होतं. विचारलं की आप्पा म्हणायचे, "राहिला असेल कुणा यजमानाकडे." आणि उठून जायचे.

तर राधाकाकू आल्या. आठवल्यांच्या भाऊकाकांची बायको. भाऊकाका म्हणजे आप्पांचे जिवलग. दोघं एका पाटीवर शिकलेले, एका पंगतीला जेवलेले. आदल्या वर्षी भाद्रपदातच, ऐन पितृपक्षात, बागेच्या गडग्यापाशी हाताला फुरसं चावून ते गेले. संध्याकाळी पोफळींचं पाणी बघून येतो म्हणून गेले होते. गडग्याचा ढासळलेला दगड लावायला हात घातला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

काकू पायरीच्या खालीच उभ्या राहिल्या.

"भावजी, परवा ह्यांचं वर्षश्राद्ध."

"माहीत आहे वहिनी. सदूला सांगितलंय मी. तो येईल."

"सदू नको."

आप्पा बुटाच्या नाडीशीच चाळा करीत राहिले. मीच पुढे झाले. "काकू, आप्पांचं पथ्य तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही स्वतः काकांचं इतकं कडक सांभाळलंत..."

"सांभाळलं," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं सांभाळलं. साखर अगदी बरोबर आली होती हो त्यांची. डॉक्टर म्हणाले, वहिनी, तुमच्यासारखी बायको घरोघर हवी. मी तो रिपोर्ट देवापुढे ठेवला. आणि चारच दिवसांनी फुरसं चावलं. त्या दुपारी सांजोरी मागितली होती त्यांनी. लहान पोरासारखी मागितली. अर्धी दे म्हणाले. मी अर्धीसुद्धा दिली नाही."

त्यांचा आवाज चढला नाही की फुटला नाही. वाणसामान सांगावं तसं त्या सांगत होत्या, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना.

"आता एकदा पोटभर वाढायचंय मला त्यांना. त्या सदूच्या तोंडून ते जेवायचे नाहीत. तुमच्या जेवतील."

आप्पांनी मान वर केली नाही. "येतो वहिनी," एवढंच म्हणाले.

काकू पाठमोऱ्या झाल्या आणि मी कडाडले. "येतो काय येतो? अंगठा आता कुठे भरत आलाय!"

"अगो, एक दिवस."

"एक दिवस म्हणता म्हणता पितृपक्ष निघेल."

"नाही निघायचा. सगळ्याला नुसतं बोट लावीन. एकेक घास. मग तर झालं? आणि त्यांच्या बेड्यापर्यंत बूट घालून जाईन."

मी सोबत येणार, ह्या अटीवर मी कबूल झाले.

आठवल्यांच्या बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, आप्पांनी बूट काढून ठेवले. पुढे अंगणापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, ती मात्र अनवाणी. मी पायांकडे बघत मागून चालले. आत घरभर गूळ, वेलची आणि तूप यांचा दरवळ. काकूंचा मुलगा मुकुंद पुण्याहून आला होता, सोवळं नेसून घाम पुसत बसला होता. देवांच्या पानावर सदूभट, पितरांच्या पानावर आप्पा. मी माजघराच्या दारात थांबले.

काकूंनी जे रांधलं होतं ते श्राद्धाचं नव्हतंच. खीर-वडे होते, ते तर हवेतच. पण सांजोऱ्या होत्या, खांडवी होती, काकडीची गूळ घातलेली तवसोळी होती, रव्याचे लाडू होते. तीन वर्षांत ज्या ज्या पदार्थाला नको म्हटलं होतं, तो तो त्या पानावर होता.

आप्पांनी शब्द पाळला. सगळ्याला एकेक घास लावला. खिरीचा एक भुरका घेतला. काकू खिरीचं पातेलं घेऊन पुन्हा आल्या तेव्हा आप्पांनी पानावर हात आडवा धरला. बोलायचं नसतं, तेव्हा पुरे म्हणायची तेवढीच रीत. माझा जीव भांड्यात पडला.

काकू हलल्या नाहीत. डाव धरलेला हात तसाच. मुकुंद वर बघायला लागला. सदूभटाचा घास हातात राहिला.

"अहो," काकू म्हणाल्या. श्राद्धाच्या पंगतीत कुणी बोलत नाही, पण त्या बोलल्या. भावजी म्हणाल्या नाहीत, अहो म्हणाल्या. "आता तरी नको म्हणू नका. आता कोण अडवतंय तुम्हाला?"

आप्पांनी वर पाहिलं. त्या दोघांनी एकमेकांकडे किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग आप्पांचा हात हळूच मागे झाला.

काकू वाढत गेल्या. आप्पा जेवत गेले. एरवी ते जेवायला लागले की बघत राहावं असं जेवत, चवीनं, निवांत. त्या दिवशी ते शिक्षा भोगल्यासारखे जेवले. मला संताप आला होता आणि रडूही येत होतं, आणि दारात उभं राहून यातलं काहीच करता येत नव्हतं.

"तृप्ताः स्थ?" मुकुंदनं विचारलं.

आप्पांनी तोंडातला घास गिळला. "तृप्ताः स्मः," ते स्पष्ट म्हणाले.

परतताना बेड्यापाशी मी बूट त्यांच्यापुढे टाकले. ठेवले नाहीत, टाकले.

"बोट लावणार होतात ना?"

"अगो, मी कुठे जेवत होतो? भाऊ जेवत होता."

"हो का? मग उद्या रक्त कुणाचं तपासायचं? भाऊकाकांचं?"

त्यांनी वाकून बूट ओढून घेतले. बुटात पाय घालताना मी पाहिलं, अंगठ्यावरची खपली पाखाडीवर कुठेतरी निघून गेली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. डॉक्टरही नंतर तेच म्हणाले. पण गावात गोष्ट लपते होय? त्र्यंबकभट आठवल्यांकडे जेवले ही बातमी आमच्या आधी घरी पोचली. दुसऱ्या दिवशी बापट आले. "आमच्या वडिलांनी काय पाप केलं?" त्यानंतर लेल्यांची सून, मग वरच्या वाडीतले दोघं भाऊ. ज्या त्या घरात कुणीतरी काहीतरी खायचं राहून गेलं होतं. एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? मी दारात उभी राहून भांडले, रुसले, एक दिवस चूल पेटवली नाही. आप्पा आंघोळ करत, सोवळं नेसत आणि जात. माझा वचक कुठल्या कुठे गेला. सर्वपित्रीच्या दिवशी ते अनवाणी घरी आले. सकाळी बूट कुठल्या बेड्याशी काढले ते त्यांना आठवेना, आणि पाऊल सुजून असं झालं होतं की ते बुटात मावलंही नसतं.

जिल्ह्याच्या इस्पितळात डावा पाय घोट्याच्या वर कापला.

बूट मागाहून कुणीतरी आणून दिले. उजवा पुढे कुबडीबरोबर वापरून झिजला. डावा तसाच नवा राहिला.

आणि आता दैवाची थट्टा बघा. ज्याच्या अंगात व्यंग आहे असा ब्राह्मण श्राद्धाला चालत नाही. आप्पांना त्यानंतर कुणीही बोलावलं नाही. बापट आले नाहीत, लेले आले नाहीत. आप्पा घरी बसले, मी वाढीन ते खाल्लं, ओटीवरच्या ओटीवर कुबडी टेकत फेऱ्या मारल्या, आणि त्यांची साखर शेवटपर्यंत अशी राहिली की खानविलकर डॉक्टर दुसऱ्या रोग्यांना त्यांचं उदाहरण देत. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला फक्त चीड यायची. ज्यांच्यासाठी पाय घालवला ते सगळे सदूभटाच्या पुढे लाडू वाढत होते.

राधाकाकू तेवढ्या यायच्या. शेवग्याचा पाला, कुळथाचं पीठ, काही ना काही घेऊन यायच्या, आप्पांच्या समोर बसायच्या. दोघं फारसं बोलत नसत. मला त्यांचंही येणं खुपायचं. अशी बरीच वर्षं गेल्यावर मी एकदा आप्पांना तोडून विचारलंच. त्या वेळी ते अंथरुणाला खिळले होते.

"एका म्हातारीच्या डोळ्यांतल्या पाण्यापायी पाय दिलात तुम्ही. ती खिरीचं पातेलं घेऊन उभी राहिली आणि तुम्ही विरघळलात."

आप्पा आढ्याकडे बघत पडले होते.

"भाऊ उपाशी गेला नव्हता गो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कधीमधी मी द्यायचो त्याला. श्राद्धाचे लाडू, सांजोऱ्या, जिथे जे मिळेल ते. घरी त्याला मिळत नसे. रडकुंडीला यायचा तो. मी डब्यात घालून त्यांच्या गडग्याच्या बिळात ठेवायचो, दगड लावून. तो संध्याकाळी पाणी बघायला म्हणून जाई आणि खाई. त्या संध्याकाळी पण मीच ठेवला होता."

मला एकदम आईचा डबा आठवला. हात घातला असेल दगड लावायला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

"मग वहिनी येऊन म्हणाली, ते उपाशी गेले. काय सांगणार मी तिला? उपाशी नव्हता, तुला फसवत होता, आणि त्या फसवण्यात मेला, असं? तिला वाटतं तिनं त्याला नीट सांभाळला. तेवढं तरी राहू दे तिच्याजवळ."

"म्हणून जेवलात."

"एकदा हात आडवा धरला होता मी. तुझ्यासाठी धरला होता. पण तिनं विचारलं, आता कोण अडवतंय. नाही राहिला मग हात."

आता मला कळलं, चैत्रापासून ते गरीब गाईसारखे का ऐकत होते. तो माझा वचक नव्हता. गोडाचं नाव त्यांना भाऊकाका गेले तेव्हापासूनच नकोसं झालं होतं.

"तिला कधी सांगू नकोस," ते म्हणाले. आणि पुढे, "माझ्या श्राद्धाला गोड करू नका. मी जेवत होतो तेच करा. भाकरी, मेथी, ताक. माझ्या पानावर जो बसेल त्याला घरी धड जाऊ दे."

पुढच्या पौषात ते गेले.

वर्षश्राद्धाला चुलत पुतण्या बसला. भाकरी-ताकाचं श्राद्ध म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण मी सुभेदारीण, कुणाचं ऐकते! पितरांच्या पानावर सदूभट. काटकुळा सदूभट आता ओळखू येत नव्हता. आप्पांच्या वाटचं सगळं इतकी वर्षं त्याच्या पोटात गेलं होतं. पोट सुटलेलं, दोन पायऱ्या चढला की धापा टाकायचा, आणि चालताना पाऊल जपून टाकायचा. ते जपून टाकणं मी घरात पाहिलेलं होतं.

सकाळीच राधाकाकू आल्या, भाकऱ्या थापायला. सोवळं नेसून आल्या आणि पदराखालून एक डबा काढून ओट्यावर ठेवला. पितळी, घट्ट झाकणाचा. बाजूला अक्षरं: त्र्यं. वि. जोगळेकर.

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यांना उचलून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सापडला," काकू म्हणाल्या. "गडग्यात. आत तीन लाडू होते."

"काकू..."

"रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. काय घालून द्यावं ते मला इतकी वर्षं कळेना." त्यांनी झाकण उघडलं. आत नाचणीचं पीठ होतं, काठोकाठ. "त्या दिवशी मुद्दाम वाढलं मी भावजींना. तू लाडू चारलेस ना माझ्या नवऱ्याला, तर मग खा आता, असं मनात म्हणून वाढलं. आतून रडत होते मी, तेही खरं आणि हेही खरं. वाटलं, एक दिवस छातीत जळजळेल, बस. पाय जाईल असं नव्हतं गो वाटलं मला."

चुलीवर तवा तापला होता. मला वाटत होतं, काहीतरी भयंकर बोलावं. शब्द तोंडाशी आलेही. पण डोळ्यांपुढे आप्पा आले, आढ्याकडे बघत पडलेले, हिला कधी कळू नये म्हणून जपणारे.

"त्यांना कळलं होतं का गो," काकूंनी विचारलं, "की मला माहीत आहे ते?"

"नाही," मी म्हणाले.

काकूंनी मान हलवली. परातीत पीठ काढून घेतलं, पाणी घातलं, आणि आम्ही दोघी मुकाट्यानं भाकऱ्या थापत राहिलो.

पानं वाढली. सदूभटानं पानाकडे पाहिलं, खीर कुठे दिसत नाही म्हणून जरा गोंधळला, आणि मग जेवायला लागला. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वाटीभर मेथी खाल्ली. तिसरी भाकरी घेऊन काकू गेल्या तेव्हा त्यानं पानावर हात आडवा धरला.

काकू थांबल्या. नात्यातल्या एका बाईंनी माजघरातून हळूच म्हटलं, "वाढा हो, आग्रह करा. श्राद्धाचं पान आहे."

"राहू दे," राधाकाकू म्हणाल्या. "नको म्हणताहेत ते."

आणि भाकरी घेऊन त्या परत आत आल्या.